सहा कुटुंबांचं पहिलं घर

"मँडी, तुला तर हे लहानपणापासून येत असेल," असं म्हणून डॉरथीबाईंनी शेणाची बादली माझ्या आईच्या पायाशी ठेवली.

आईने बादलीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आई पुण्यात नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. वडील बँकेत, गल्लीत सगळ्यांच्या आधी गॅस आलेलं घर, आणि गाय तिने जवळून पाहिली असेल तर ती रस्ता अडवून बसलेली. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माझ्या आईने जन्मात शेणाला हात लावला नव्हता. पण थर्लो गावच्या इतिहास मंडळातल्या बायकांचा हिशोब सोपा होता. भारत म्हणजे गाय आणि गाय म्हणजे शेण.

"हो तर," आई इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे मुलींना आधी हेच शिकवतात."

मग माझ्याकडे वळून शांतपणे मराठीत म्हणाली, "मेधा, तोंड मिटून उभी राहा. हसलीस तर तुलाच थापायला लावीन."

१८७३ साली या मैदानात सरपणाला झाड नव्हतं, म्हणून वसाहतवाले लोक माळावर वाळलेलं शेण गोळा करून चुली पेटवायचे. आता गुरं कुंपणात उभी असतात आणि माळावर मका. त्यामुळे गावच्या सव्वाशेव्या वर्षाच्या उत्सवासाठी जुन्या घरातली लोखंडी चूल पेटवायची तर गोवऱ्या थापूनच घ्याव्या लागणार होत्या. त्या थापायला नेब्रास्का राज्यात माझ्या आईपेक्षा लायक कोण सापडणार? आईने बाह्या वर केल्या, बादलीत हात घातला आणि पहिली गोवरी कुंपणाच्या फळीवर इतक्या आत्मविश्वासाने फेकली, की चार बायकांनी टाळ्या वाजवल्या. गोवरी दोन मिनिटांनी खाली पडली, पण तोवर त्या चहाला गेल्या होत्या.

ही १९९८च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, प्रबंध अर्धवट टाकून घरी आले होते आणि तो पूर्ण करत असल्याचं सगळ्यांना सांगत होते. आई या वर्षी फेब्रुवारीत गेली. तिच्याविषयी चार शब्द लिहायला लोकांनी सांगितलं तेव्हा मला तिचे सद्गुण वगैरे आठवले नाहीत. ती बादली आठवली आणि मग त्या उन्हाळ्याचं बाकीचं सगळं.

थर्लो हे गाव जोसाया थर्लो नावाच्या माणसाने वसवलं, असं गावातल्या दर तिसऱ्या भिंतीवर लिहिलेलं आहे. त्याचं दहा बाय बारा फुटांचं फळ्यांचं घर इतिहास मंडळाने जत्रेच्या मैदानामागे जपून ठेवलं होतं. दर शनिवारी आई झालरीची टोपी आणि घोट्यापर्यंतचा फुलाफुलांचा झगा घालून त्या घराच्या दारात उभी राहायची आणि शाळेच्या सहलींना सांगायची, "या, मी मिसेस थर्लो." एखाद्या पोराने विचारलंच, की तुम्ही ब्राउन कशा, तर म्हणायची, "उन्हात फार काम पडतं रे."

हे सोंग तिच्या गळ्यात बाबांनी घातलं होतं. बाबा म्हणजे डॉ. सबनीस, शेजारच्या कॉलेजात मातीचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर ते मंडळाचे चिटणीस झाले आणि थर्लो घराण्याचा इतिहास लिहायला बसले. त्या घराण्याची वंशावळ त्यांना आमच्या सबनिसांच्यापेक्षा जास्त पाठ होती. जेवताना ते थर्लोंच्या बातम्या अशा सांगायचे की जणू ते लोक पलीकडच्या गल्लीत राहतात.

"जोसायाचा बैल गेला आज," बाबा आमटी वाढून घेत म्हणायचे. "ऐन पेरणीत."

"अरेरे," आई म्हणायची. "सुतक आहे का आपल्याला?"

बाबा हसायचे नाहीत. जोसाया हा त्यांच्या दृष्टीने थट्टेचा विषय नव्हता. अठ्ठावीस वर्षं या गावात राहून, इथल्या शेतकऱ्यांची माती तपासून, इथला कर भरूनही किराणा दुकानात त्यांना लोक विचारायचे, "मूळचे कुठले तुम्ही?" जोसाया मूळचा व्हरमाँटचा होता, पण त्याला तसं कोणी विचारत नव्हतं. त्या वर्षी मंडळाने ठरवलं होतं, की उत्सवाच्या दिवशी बाबांना संस्थापक कुटुंबांची निळी फीत लावायची. सहा कुटुंबांच्या बाहेरच्या माणसाला ती कधीच लागली नव्हती. बाबांनी त्या दिवसासाठी नवा सूट शिवायला टाकला होता. स्वतःच्या लग्नात ते काकांचा कोट घालून उभे राहिले होते.

उत्सवाचा मुख्य कार्यक्रम म्हणजे ते घर मैदानामागून उचलून मुख्य रस्त्यावरच्या नव्या संग्रहालयाच्या अंगणात न्यायचं. त्यासाठी ते जॅकवर उचललं, खाली लोखंडी तुळया घातल्या. बाबा पाहणी करायला घराखाली शिरले आणि संध्याकाळी गुडघ्यांना चिखल लावून जेवायला आले.

"घराच्या तळाला लोखंडी कड्या आहेत," ते म्हणाले. "चार. जुन्या. गंजलेल्या."

"मग?" आई म्हणाली.

"आस बसवायच्या आहेत त्या. गाडीचे आस." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "घराला चाकं होती."

मला कळलं नाही. बाबांनी वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं. त्या काळी सरकार एकशेसाठ एकर जमीन फुकट द्यायचं. अट एवढीच, की तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. सरकारी माणूस पाहणीला यायचा. शेजारी देवाशपथ सांगायचे, की हो, याचं घर आहे, आम्ही पाहिलं आहे. थर्लोच्या सहा संस्थापक कुटुंबांच्या जमिनी एकाला एक लागून होत्या.

"संग्रहालयात सहाही कुटुंबांच्या 'पहिल्या घरा'चे फोटो आहेत," बाबा म्हणाले. "आज ते काढून शेजारी शेजारी ठेवले. सगळ्यांत दाराच्या डाव्या बाजूची फळी वरून खाली चिरलेली आहे."

"म्हणजे घर एकच," मी म्हणाले.

"साहेब यायच्या आधी बैल लावून ओढत न्यायचे. याच्या जमिनीवरून त्याच्या."

मला वाटलं आई हसेल. ती उठली, हात धुतले, आतल्या कपाटातून जुना अल्बम घेऊन आली आणि एक पान उघडून बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. फोटोत बाबा होते, तरुण, सडपातळ, एका लांबलचक पांढऱ्या गाडीच्या टपावर कोपर टेकून, जणू आत्ताच कारखाना विकत घेऊन बाहेर आलेत.

"ही गाडी कुणाची हो?" आईने विचारलं.

"आता हा विषय कुठे—"

"नाही, सांगा ना लेकीला. ती संशोधन करते आहे."

आईने मला सांगितलं, "हा फोटो माझ्या वडिलांकडे स्थळ म्हणून आला. माझे वडील बँकेतले, दहा सह्या पाहिल्याशिवाय चेक न देणारे. पण गाडी बघितली आणि म्हणाले, मुलगा स्थिरावलेला आहे. मी इथे आले तर हे मला आणायला बसने. मी विचारलं, गाडी? तर म्हणाले, दुरुस्तीला दिलीय. दोन वर्षं दुरुस्त होत होती. मग एकदा ओमाहाला जोगळेकर वहिनींचा अल्बम बघितला. त्यात हीच गाडी, दारावर हाच पोचा. कोपर तेवढं जोगळेकरांचं."

"हॉस्टेलच्या वॉर्डनची होती," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "सगळेच काढायचे."

"तेच म्हणते मी. सगळेच काढायचे." आईने अल्बम मिटला. "जोसाया तुम्हाला इतका आपला का वाटतो, ते आज कळलं."

बाबांना ते लागलं. मग म्हणाले, "हे बाहेर जायला नको. निदान उत्सव होईपर्यंत. मेधा, तूसुद्धा."

"मी कशाला बोलू?" आई म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाही. वचन."

आई वचन पाळायची. त्यामुळेच आम्ही दोघं अस्वस्थ झालो.

दोन दिवसांनी डॉरथीबाई झग्याची उंची बघायला घरी आल्या. डॉरथी थर्लो म्हणजे जोसायाची नात, वय ब्याऐंशी, मंडळाची अध्यक्षा, हातात काठी. ती काठी त्या चालायला कमी आणि लोकांना बाजूला सारायला जास्त वापरायच्या. बाबा छापखान्यात गेले होते. आई स्टुलावर उभी आणि मी खाली बसून झग्याला टाचण्या लावत होते.

"घर फार हलकं आहे म्हणे," आई सहज म्हणाली. "उचलताना जॅकवाल्याला नवल वाटलं."

डॉरथीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. दरवाजाकडे पाहिलं. "डॉक्टरांना कड्या सापडल्या, हो ना?"

आई वचनाला जागून गप्प राहिली.

"पन्नास वर्षं वाट बघतेय मी, की कोण शहाणा खाली वाकून बघेल," डॉरथीबाई म्हणाल्या. "आमच्या लोकांना त्या घराकडे वर मान करून बघायची सवय. खाली कोण बघणार?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आजीने. ती गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "घर नुसतं असून भागायचं नाही, पोरी. साहेब आला की धुराड्यातून धूर निघायला पाहिजे, खाट पाहिजे, पीठ मळणारी बाई पाहिजे. बाकीचे पाच जण तर बिनलग्नाचे, नाहीतर बायका माहेरी व्हरमाँटात. मग काय, घराबरोबर आजीही जायची. आत बसून. चूल पेटलेली, बाहेर बैल ओढतायत, आणि ही एका हाताने पातेलं धरून. पाच वर्षं सहा घरांची मालकीण होती ती. एकदा त्या साहेबाने विचारलं, बाई, तुम्हाला मी कुठेतरी पाहिलंय. आजी म्हणाली, टोपी घातली की आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो."

आई स्टुलावरून खाली उतरली. टाचणी तिच्या पोटरीला लागली, तिला कळलं नाही.

"आणि तिला जमीन?" तिने विचारलं.

"तिला कशाची? जमीन सहा पुरुषांना मिळाली. आजीला कंबरदुखी मिळाली."

"पाटीवर काय लिहिलंय तिच्याविषयी?"

पितळी पाटी ओतून आली होती, बाबांनी आम्हाला वाचून दाखवली होती. 'या घरात जोसाया थर्लो आणि पत्नी यांनी १८७३ साली मोकळ्या माळावर या गावाचा पाया घातला.' पॉनी जमातीचे आदिवासी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि त्यांना हलवल्यावर माळ मोकळा झाला, हे बहुधा पाटीवर मावलं नाही. आणि पत्नीचं नावही.

"मी म्हटलं होतं नाव घाला," डॉरथीबाई म्हणाल्या. "माझे पुतणे म्हणाले, सरकारी कागदात 'आणि पत्नी' आहे, इतिहास कागदावर चालतो. मी अध्यक्षा, मला मत नाही. मर्सी अ‍ॅन नाव होतं तिचं."

आईने किटली उचलली. मग तिने डॉरथीबाईंच्या कपात चहा ओतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मला एक सुचतंय. घर मुख्य रस्त्याने न्यायचंच आहे. सहाही कुटुंबांची दुकानं त्याच रस्त्यावर. प्रत्येकाच्या दारात दोन मिनिटं थांबवलं तर? त्यांना आपल्या पहिल्या घरासोबत फोटो काढता येईल. मी आत बसेन. चूल पेटवून."

डॉरथीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या इतक्या हसल्या, की मला पाणी आणावं लागलं.

उत्सव समितीने ती कल्पना एकमताने मंजूर केली. सगळ्यांना ती फार हृद्य वाटली.

उत्सवाच्या आदल्या दुपारी बाबा आरशासमोर नवा सूट घालून बघत होते. आई पलंगावर बसली होती.

"उद्या भाषणात तिचं नाव घ्या," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"मर्सी अ‍ॅनचं. चाकांचं काही बोलू नका. नुसतं नाव. पाटी वाचताना 'आणि पत्नी' आलं, की तिथे नाव."

"अगं, पाटी ओतून झाली. पत्रिकेत मजकूर छापून झालाय. पुतण्यांनी ते मुद्दाम वगळलंय, आणि मी उपरा तिथे उभा राहून दुरुस्त्या करू?" बाबांनी टाय सोडला. "एक दिवस, एक दिवस मला त्यांच्यातला म्हणून उभं राहू दे. मग वाटेल ते लिहीन पुस्तकात."

"पुस्तक कोण वाचतं?"

"तुला काय पडलंय त्या बाईचं इतकं?"

आई उठली आणि त्यांच्या कोटाच्या पाठीवरचा दोरा काढला. त्यांचं लग्न झाल्यापासून ती नोकरीमागे जाणाऱ्या बाबांच्या मागे जात आली होती. आयोवा, मग कॅन्सस, मग इथे. दर ठिकाणी एक कॉलेज, तिच्या संस्कृतला दर ठिकाणी नकार, आणि दर ठिकाणी पाहुण्यांसाठी चुलीवर काहीतरी. हे ती कधी बोलून दाखवत नसे. दोरा मात्र तिने बोटाला गुंडाळला आणि तसाच ठेवला.

सकाळी घर निघालं. पुढे शाळेचा बँड, मागे जॉन डियरचा हिरवा ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या लोखंडी तुळया, तुळयांखाली ट्रकची चाकं आणि वर ते घर. धुराड्यातून धूर निघत होता. खिडकीतून झालरीची टोपी दिसत होती. गोवऱ्यांचा वास सबंध रस्त्याला येत होता आणि लोक तो छाती भरून घेत होते.

पहिला थांबा बँकेसमोर. डॉरथीबाईंचे दोन पुतणे सहकुटुंब पायऱ्यांवर उभे राहिले. बाबा कोटाला माइक लावून पुढे आले आणि वाचलं, "थर्लो कुटुंबाने १८७३ साली उभारलेलं हे पहिलं घर." फोटो निघाला. टाळ्या. ट्रॅक्टर चालू झाला. पुढे धान्याचं कोठार. तिथले मालक टोप्या काढून उभे. बाबांनी वाचलं, "प्रेंटिस कुटुंबाने १८७३ साली उभारलेलं पहिलं घर." घर तेच. फोटो, टाळ्या. मग अंत्यविधीचं दुकान, तिथली मंडळी सवयीने गंभीर चेहऱ्याने उभी. पुन्हा तेच वाक्य. दर थांब्याला आई दारात येऊन हात जोडायची आणि आत जायची.

चौथ्या थांब्याला बाबांचा आवाज बसला. मी रस्त्याच्या कडेने चालत होते. त्यांनी कागदावरून मान वर करून घराकडे पाहिलं, मग गर्दीकडे. तीनशे माणसं होती. सव्वाशे वर्षांपूर्वी झाकून केलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत भर उन्हात, बँड लावून चालली होती आणि एकाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. फक्त डॉरथीबाई, मोटारीत बसलेल्या, रुमाल तोंडावर धरून हलत होत्या. बाबांनी उरलेली दोन्ही वाक्यं वाचली. आम्हा सबनिसांना काही मोठ्याने वाचायला सांगितलं की आम्ही ते शेवटपर्यंत वाचतो.

अकराच्या सुमारास घर नव्या पायावर बसलं. ट्रॅक्टर सुटला, तुळया निघाल्या. पाटीवरचा पडदा डॉरथीबाईंनी काठीने ओढला. बाबांच्या छातीला निळी फीत लागली. त्यांनी पाटी वाचली. "जोसाया थर्लो..." इथे ते थांबले. मला वाटलं, आता. "...आणि पत्नी," ते म्हणाले.

त्यानंतर मिसेस थर्लोने दार उघडून सगळ्यांना आत या म्हणायचं, असं कार्यक्रमात होतं. दार उघडलं नाही.

बँड एक धून वाजवून थांबला. बाबा हसत दारापाशी गेले आणि टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं.

"अगं," ते मराठीत म्हणाले. माइक चालूच होता, ते अंगणभर ऐकू आलं. "दार उघड. लोक थांबलेत."

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी."

"या घराला सहा मालक आहेत. तुम्ही कितवे?"

गर्दीला वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. कोणीतरी टाळी वाजवली.

"तमाशा करू नकोस," बाबा हळू म्हणाले, आणि तेही अंगणभर ऐकू आलं.

"नाव घ्या," आई म्हणाली. "मग उघडेन."

आमच्याकडे नवी नवरी घरी आली, की दारात अडवून नवराबायकोला एकमेकांची नावं घ्यायला लावतात, हे त्या अंगणात आम्हा तिघांनाच माहीत होतं. बाबांनी स्वतःच्या लग्नात ते साफ नाकारलं होतं. असली जुनाट थेरं मी करत नाही, असं म्हणून सरळ उंबरा ओलांडून आत गेले होते. त्या वेळी त्यांच्या पुरोगामीपणाचं कौतुकही झालं होतं. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी आईला 'अगं' म्हटलं.

"कुणाचं नाव?" बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"घर जिचं आहे तिचं."

बाबांनी मागे पाहिलं. पहिल्या रांगेत दोघे पुतणे घड्याळ बघत होते. त्यांच्या बाजूला डॉरथीबाई, काठीवर दोन्ही हात, ताठ बसलेल्या. बाबांनी फितीला हात लावला. मग ते दाराकडे वळले आणि इंग्रजीत, स्पष्ट, म्हणाले, "मर्सी अ‍ॅन थर्लो. या घरात राहत होती. ती एकटीच राहत होती."

पुतण्यांच्या माना वर झाल्या. डॉरथीबाईंनी काठी फरशीवर आपटली, एकदाच.

दार उघडलं नाही.

"घेतलं की," बाबा मराठीत म्हणाले. "आता काय?"

"ते तिचं झालं."

बाबांना कळायला वेळ लागला. मग ते गोरेमोरे झाले आणि म्हणाले, "मंदाकिनी."

हे आईचं नाव. पासपोर्टवरचं. बाबांनी ते उच्चारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ही कोण?" आतून आवाज आला. "ही तुम्ही तांदळात लिहिलीत. नाव घ्यायला जुनाट वाटलं तुम्हाला, पण बदलायला नाही वाटलं."

कडक ऊन होतं. तीनशे माणसं कान देऊन ऐकत होती आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. बाबांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. मला वाटलं, ते विसरले आहेत. मला वाटलं, आता ही आयुष्यभर आतच बसणार.

बाबा दाराच्या फळीला कपाळ लावून उभे राहिले आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "द्वारका."

माइकने ते मैदानापर्यंत नेलं.

सव्वीस वर्षांत मी ते नाव ऐकलं नव्हतं. मामा तिला अक्का म्हणायचा, ओमाहाच्या मंडळात ती सबनीस वहिनी होती, गावात मँडी. कडी सरकली. आई दारात आली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. तिने बाबांकडे पाहिलं, मग गर्दीकडे, आणि कार्यक्रमात लिहिल्याप्रमाणे इंग्रजीत म्हणाली, "या. आत या."

पाटी बदलली नाही. गावच्या साप्ताहिकात बातमी आली, की डॉ. सबनीस यांनी घराच्या उंबऱ्यावर प्राचीन हिंदू आशीर्वाद दिला आणि उपस्थित भारावून गेले. समितीला तो इतका आवडला, की पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात त्यांनी तो छापला. लोकांनी दारावर तीनदा टकटक करायची, सगळ्यांनी मिळून आशीर्वाद म्हणायचा, मग मिसेस थर्लोने दार उघडायचं. बाबा खुलासा करायला निघाले होते.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "तेवढीच कुणीतरी मोठ्यांदा हाक मारतंय."

घरी बाबांचं 'अगं' काही सुटलं नाही. तीही 'अहो' म्हणत राहिली.

या उन्हाळ्यात मी बाबांना उत्सवाला घेऊन गेले. ते शहाऐंशीचे आहेत, माझा हात धरून चालतात. आईच्या जागी शाळेतली एक तरुण शिक्षिका मिसेस थर्लो झाली आहे. बँकवाले, कोठारवाले, अंत्यविधीवाले, त्यांची पोरं आणि पोरांची पोरं अंगणात जमली. महापौरांनी दारावर तीनदा टकटक केलं आणि सबंध गाव एका आवाजात ओरडलं, "द्वारका!"

मीही ओरडले. बाबा ओरडले नाहीत. दार उघडलं, टोपीतली ती मुलगी हसून आत या म्हणाली. बाबा तिच्या खांद्यावरून आत बघत उंबऱ्यावरच उभे राहिले आणि मागची रांग खोळंबली.